श्वासाचा रकाना

४ ऑगस्ट

आदरणीय मॅडम,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर बघून तुम्ही हे पत्र उघडायचं की नाही याचा विचार केला असेल. उघडलंत, आभारी आहे. पत्ता बाबांकडून घेतला. निवृत्त झाल्यावर तुम्ही घर बदललंत, हेही मला त्यांच्याकडूनच कळलं.

कामापुरतंच लिहिते. नोकरीला चार वर्षं झाली, आता नर्सिंग सोडायचा विचार आहे. आमच्या हॉस्पिटलपासून दोन चौक पुढे चष्म्याचं एक दुकान आहे, तिथे माणूस हवं आहे. मालक वयस्कर आहेत. सगळे त्यांना चष्मेवाले म्हणतात आणि ते स्वतःचा चष्मा कपाळावर ठेवून दुकानभर तोच शोधत असतात. त्यांनी माझी मुलाखत पाऊण तास घेतली, त्यातला अर्धा तास त्यांच्या गुडघ्यांवर गेला. मी नर्स आहे म्हटल्यावर दुसरं काय होणार.

काम बसून करायचं आहे. दुपारी दुकान तीन तास बंद असतं. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम नीट बसते का बघायचं, कानामागे टोचते का विचारायचं, काच पुसून द्यायची. नंबर चुकला तर चष्मा परत घेतात आणि दुसरा करून देतात. मला हे फार आवडलं.

त्यांना आधीच्या कामाबद्दल कुणा जाणत्या माणसाचा दाखला हवा आहे. मी शिकत होते तेव्हा तुम्ही वॉर्डच्या इन्चार्ज होतात, माझं काम तुमच्याइतकं जवळून कुणी बघितलेलं नाही. इथल्या इन्चार्जकडे मागता आला असता, पण इथे अजून कुणाला काही सांगितलेलं नाही. दोन ओळी पुरेत. वेळेवर येते, कामात प्रामाणिक आहे, एवढंच लिहा. नाही दिलात तरी माझी तक्रार नसेल.

आपली,
(भाची लिहू की माजी विद्यार्थिनी, ते ठरत नाही)


१७ ऑगस्ट

मावशी,

मॅडम म्हटलेलं तुम्हाला घरच्या पत्रात खपत नाही हे मी विसरले नव्हते. तरी लिहिलं.

कार्ड मिळालं. "दुकानात का जातेस ते कळलं. वॉर्ड का सोडतेस ते लिहिलं नाहीस." चार वर्षांनी पहिल्यांदा काही लिहिलंत आणि तेही ड्युटी बदलताना रिपोर्ट घ्यावा तसं. बरं, रिपोर्ट देते.

पाठ गेली आहे. बत्तीस कॉट आणि आम्ही दोघी, त्यातली एक बहुतेक वेळा औषधं आणायला खाली गेलेली. औषधांच्या ट्रॉलीचं एक चाक डावीकडे ओढतं. ते दुरुस्त करा म्हणून मी तीन अर्ज दिले, चाक तसंच आहे, माझा उजवा खांदा मात्र कामातून गेला. मधल्या खिडकीची कडी तुटली आहे, ती बँडेजने बांधून ठेवतो. रोज सकाळी कुणीतरी हवा हवी म्हणून ते सोडतं आणि दुपारी कुणीतरी ऊन येतं म्हणून माझ्या नावाने ओरडतं. नातेवाईक पंख्यासाठी, उशीसाठी, फोनच्या चार्जरसाठी हाका मारतात आणि ज्याला खरंच काही होत असतं तो बिचारा आपला गप्प पडून असतो.

मला धुतलेल्या चादरींच्या खोलीत जाऊन बसायची सवय लागली आहे. तिथे एक स्टूल आहे. दार लोटून पाच मिनिटं बसते. काही विचार करत नाही, चादरींच्या घड्या बघत बसते. कुणी आलं तर मोजदाद चालली आहे असं सांगते. घरी बाबांनी हाक मारली तरी माझ्या तोंडून "आले, दोन मिनिटं" असं निघतं आणि बाबा आता हाक मारायचे बंद झाले आहेत. ते स्वतःच उठून ताट घेतात.

हा कंटाळा नाही. कंटाळा आला की माणसाला दुसरं काहीतरी करावंसं वाटतं. मला काहीच करावंसं वाटत नाही, नुसतं बसावंसं वाटतं, आणि बसायचे पैसे फक्त चष्मेवालेच देतील असं दिसतंय.

एवढं पुरे ना?

तुमची भाची


५ सप्टेंबर

मावशी,

"पाठ सगळ्यांचीच दुखते. पाठीसाठी रजा घेतात." हे कार्ड वाचून मला इतका राग आला की दोन दिवस उत्तरच लिहिलं नाही. तुम्हाला नक्की काय ऐकायचं आहे? मला काम झेपत नाही, हे? झेपतं. सोबत प्रशस्तिपत्राची प्रत जोडली आहे, डोळ्यांखालून घाला.

आमच्याकडे जूनमध्ये एक निवृत्त बसड्रायव्हर होते. मांडीचं हाड मोडलं होतं, अकरा नंबरची कॉट. मी त्यांना ड्रायव्हरकाका म्हणायचे. प्रत्येक फेरीला एक विनोद. सुई टोचायला गेले की "थांबा, आधी तिकीट घ्या" म्हणायचे आणि काकू कॉटशेजारच्या खुर्चीवरून मान हलवायच्या, त्यांनी तो आयुष्यभर ऐकलेला असणार. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी सकाळची ड्युटी माझी होती. दुपारी दोनला वॉर्ड दुसऱ्या सिस्टरच्या हवाली करताना मी तिला म्हटलं, आधी ड्रायव्हरकाकांकडे जा, आज जरा गप्प आहेत. ती गेली तर त्यांना धाप लागलेली होती. पायातली रक्ताची गुठळी फुफ्फुसात गेली होती. नऊ दिवस आयसीयूत काढून काका परत आले.

डॉक्टरांनी काकूंना समजावलं की सगळं अचानक झालं, सकाळी दहाच्या नोंदीत काळजीचं काहीच नव्हतं, या सिस्टरच्या लक्षात आलं म्हणून वेळ मिळाला. काकूंनी अभिप्रायाच्या वहीत अख्खं पान भरून लिहिलं. मग हॉस्पिटलने हे प्रशस्तिपत्र दिलं, आणि त्याचीच एक प्रत फ्रेम करून वॉर्डच्या दारापाशी लावली. रोज तिच्याखालून आत जाते. काकू घरी जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, रोज तुझ्यासाठी प्रार्थना करेन.

आता तरी दोन ओळी द्याल ना? चष्मेवाल्यांनी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जागा धरून ठेवली आहे.

भाची


१६ सप्टेंबर

मावशी,

"प्रशस्तिपत्र वाचलं. दहा वाजता त्यांच्या सदऱ्याला बटणं किती होती?"

चार दिवस हे कार्ड पर्समध्ये घेऊन फिरतेय. माझी मैत्रीण म्हणाली, तुझी मावशी भ्रमिष्ट झाली का? तिला काय माहीत. तिला तू शिकवलं नाहीस.

मला शिकवलंस. नाडी बघून झाली तरी मनगट सोडायचं नाही. रोग्याला वाटलं पाहिजे की अजून नाडीच चालली आहे, कारण आपला श्वास कुणी मोजतंय हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. बोटं मनगटावर आणि डोळे छातीवर, पूर्ण मिनिटभर. आणि आम्ही कागद घेऊन आलो की तू विचारायचीस, याच्या सदऱ्याला बटणं किती? चादरीवर पट्टे होते की चौकडी? जी मिनिटभर छातीकडे बघत उभी होती तिला सांगता यायचं. जी नव्हती ती परत जायची. मी पहिल्या महिन्यात अकरा वेळा परत गेले होते.

मला माहीत नाही, मावशी. किती बटणं होती, मला माहीत नाही.

नाडी आणि ऑक्सिजन मशीन सांगतं. ताप थर्मामीटर सांगतो. श्वास तेवढा आपल्याला मोजावा लागतो आणि बत्तीस माणसांची बत्तीस मिनिटं कुणाकडेच नसतात. म्हणून मी कागद ओळीने ट्रॉलीवर मांडायचे आणि श्वासाचा रकाना एका दमात भरून टाकायचे. वीस, वीस, वीस, मग एक अठरा, खरं वाटावं म्हणून. नुसत्या पाट्या टाकणं. इथे सगळ्याच टाकतात, कुणी बोलत नाही. पण सगळ्याच तुझ्या हाताखाली शिकलेल्या नाहीत.

त्या दिवशी दहा वाजता मी काकांच्या कॉटपाशी मोजून अर्धं मिनिट असेन. नाडी एकशे चार होती. ऑपरेशन झालंय, दुखत असेल, म्हणून सोडून दिली. काकांनी विनोद सांगायला घेतला. एका कंडक्टरचा होता. दोन शब्द बोलायचे आणि थांबायचे, दोन शब्द आणि थांबायचे. अर्ध्यात म्हणाले, राहू दे, उद्या सांगतो. मला बरं वाटलं, मावशी. वेळ वाचला असं वाटलं. मी वीस लिहिलं आणि बारा नंबरकडे गेले.

दोन वाजता मी "गप्प आहेत" म्हटलं ते काही लक्षात येऊन नाही. दिवसभर विनोद ऐकू आला नव्हता, म्हणून तोंडातून निघून गेलं. दुसऱ्या सिस्टरने मोजला तेव्हा श्वास चौतीस होता. चौतीस काही पाच मिनिटांत होत नाही. डॉक्टर आजही सांगतात की अचानक झालं, आणि ते तसं सांगतात ते माझ्या वीसच्या भरवशावर. फाइलमध्ये तो आकडा अजून आहे, माझ्या सहीसकट.

त्या दिवसापासून मला पेन उचलवत नाही. पाठ दुखते हे खोटं नाही, पण पाठीमुळे मी चाललेली नाही.

आणि हे मी कुणाला सांगतेय, तर तुला. आई गेली त्या दिवशी सकाळी मी होस्टेलवरून फोन केला, निघू का म्हणून विचारलं. तू म्हणालीस, वेळ आहे, शेवटचा पेपर देऊन ये. मी पाचला पोचले. आई साडेतीनला गेली होती. बाबांनी सांगितलं की तू सकाळपासून तिचं मनगट धरून, घड्याळ हातात घेऊन बसली होतीस. मी सगळ्यांसमोर तुला म्हटलं, तू बसून मोजत होतीस, तुला माहीत होतं, तरी मला बोलावलं नाहीस, तू तिच्याजवळ नर्स म्हणून बसलीस, बहीण म्हणून नाही. तू नाही म्हणाली नाहीस. मला तेव्हा वाटलं, मोजणारी माणसं अशीच होतात. मग मी हळूहळू मोजायचं सोडलं. तुझ्यावर खापर फोडत नाहीये, पण असं झालं खरं.

आता कळत नाही, मोजून गप्प बसलेली तू जास्त वाईट की न मोजता लिहिणारी मी.

पत्र लिहिता लिहिता "तुम्ही" राहूनच गेलं. राहू दे आता.

दाखला नको. प्रामाणिक आहे, असं कोणत्या तोंडाने लिहून घेऊ?


२४ सप्टेंबर

भिंगरी,

दाखला सोबत आहे. पाकीट चिकटवलेलं नाही. त्यात एवढंच लिहिलं आहे की ही मुलगी तीन वर्षं माझ्या हाताखाली शिकली आणि चूक झाली तर ती स्वतः सांगते, उशिरा का होईना. तुझ्या इन्चार्जला आणि तुझ्यासाठी प्रार्थना करणाऱ्या त्या बाईंना तू अजून सांगितलेलं नाहीस हे मला समजलं आहे. म्हणजे आज हा दाखला खोटा आहे. तो खरा करून मगच चष्मेवाल्यांना दाखव. जायचं तर जा. नोकरी सोडणं हा काही गुन्हा नाही, मीही तीन वेळा राजीनामा लिहून फाडला आहे.

आता माझा रिपोर्ट.

तुझ्या आईच्या अंगावर त्या दिवशी कोणता गाऊन होता, मला सांगता येणार नाही. रंग सांगता येणार नाही. बटणं किती होती, ते तर नाहीच. चार वर्षं आठवून बघतेय. बोटं मनगटावर होती ती सवयीने. घड्याळ हातात होतं, तेही सवयीने. मी मोजत नव्हते. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. मोजलं असतं तर कळलं असतं, आणि मला कळून घ्यायचं नव्हतं. ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान होती, तिला शाळेत हाताला धरून मी न्यायचे.

तुझा फोन आला तेव्हा मी म्हटलं, वेळ आहे. ते मी असंच म्हटलं, तू वीस लिहिलंस तसं. माझ्या वॉर्डमध्ये कुणी असं केलं असतं तर मी तिला परत पाठवलं असतं. मला परत पाठवायला तिथे कुणी नव्हतं.

तू सगळ्यांसमोर म्हणालीस, तुला माहीत होतं. नाही म्हणाले असते तर लोकांनी विचारलं असतं, चौतीस वर्षं नोकरी केलेली सिस्टर आणि सख्ख्या बहिणीचं हिला कळलं नाही? त्यापेक्षा तुझ्या तोंडून निष्ठुर ठरलेलं मला परवडलं. तुझी आई मात्र तुला न भेटता गेली आणि ते माझ्यामुळे झालं. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. क्षमा कर असं लिहायचं होतं, दोनदा लिहून खोडलं. आता खोडत नाही. क्षमा कर.

पाठीला गरम पाण्याची पिशवी घेत जा. खांदा एकदा दाखव कुणाला तरी.

मावशी


१२ ऑक्टोबर

मावशी,

तुझं पत्र चादरींच्या खोलीत स्टुलावर बसून वाचलं. मग तिथेच दुसऱ्यांदा वाचलं. कुणीतरी दार उघडलं आणि माझ्याकडे बघून परत लावून घेतलं.

इन्चार्जना सांगितलं. त्यांनी आधी दार बंद केलं आणि हे बाहेर बोलायची काही गरज आहे का म्हणून विचारलं. मी आहे म्हटलं. लेखी ताकीद मिळाली, डॉक्टरांनी फाइलमध्ये दुरुस्ती लिहिली. फ्रेम काढली आहे, भिंतीवर तेवढा चौकोन पांढरा राहिला आहे. बाकीच्या सिस्टर माझ्याशी धड बोलत नाहीत, कारण आता श्वास मोजायची सक्ती सगळ्यांवर आली आहे.

ड्रायव्हरकाका परवा काठी टेकत तपासणीला आले होते. दोघांना बाकावर बसवून सांगितलं. काकांनी काठी बाकाला टेकवली आणि म्हणाले, तो विनोद अर्धा राहिला होता, नाही का? आणि त्यांनी तो पूर्ण सांगितला. तसा बरा होता. काकू हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मग इतके दिवस मी प्रार्थना केली ती कुणासाठी?" त्या उठल्या, काकांचा हात धरला आणि मागे न बघता गेल्या. मावशी, ताकिदीचं काही वाटलं नाही, हे फार लागलं. लागायलाच हवं होतं, पण लागलं.

मग दाखला घेऊन चष्मेवाल्यांकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी दाखला दोनदा वाचला आणि "उशिरा" या शब्दावर बोट ठेवून विचारलं, किती उशिरा? साडेतीन महिने, म्हटलं. ते म्हणाले, आमचा फ्रेमवाला याहून जास्त लावतो. एक नोव्हेंबरपासून ये.

जाणार आहे. सांगून टाकल्यावर मन फिरेल असं मलाही वाटलं होतं, फिरलं नाही. दमलेय ती दमलेच आहे. पण उरलेले दिवस मोजतेय, पूर्ण मिनिट. माझ्या वाटणीच्या सोळा कॉट, सोळा मिनिटं, औषधं उशिरा होतात आणि सगळे कावतात. खरे आकडे किती वेडेवाकडे येतात ते मी विसरूनच गेले होते. सतरा, एकवीस, चौदा, तेवीस. काल एका आजींचा श्वास अठ्ठावीस आला, मी धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आले. आजी लिफ्ट बंद म्हणून एक जिना चढून आल्या होत्या. डॉक्टर नुसते माझ्याकडे बघून गेले. आजींच्या सदऱ्याला पाच बटणं होती.

तुझ्यावरचा राग गेला का, हे मी रोज स्वतःला विचारते. सगळा गेलेला नाही. आई मला भेटायला हवी होती. पण तू एकटी मोजत बसली होतीस हे चित्र चार वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होतं, ते गेलं. आता दिसतं की तू तिच्या तोंडाकडे बघत बसली आहेस, आणि तसं बघणारं कुणीतरी तिच्याजवळ होतं, याचं मला बरं वाटतं.

गाऊन फिकट निळा होता. मी पोचल्यावर मीच बदलला, म्हणून माहीत आहे. चार बटणं होती, त्यातलं वरचं तुटलेलं. तिथे पिन लावलेली होती, तुझ्या युनिफॉर्मवरच्या बिल्ल्याची, मोठी. म्हणजे उघडं पडू नये म्हणून त्या दिवशी कधीतरी तूच ती लावली असशील. तुला आठवत नाही एवढंच.

पिन माझ्याकडे आहे. रविवारी घेऊन येते. घड्याळ घरी ठेवून येईन.

भिंगरी